छाट कलम आणि पुणे जिल्ह्यातील अंजीर : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

पुणे जिल्ह्याच्या कृषी-इतिहासाचा विचार करताना पर्जन्यमानातील विषमता प्रथम लक्षात घ्यावी लागते. मावळातील कान्हे हे भातपट्ट्यातील गाव. तेथे पावसाळ्यात खाचरांत पाणी उभे असते. त्याच जिल्ह्यातील पुरंदर तालुका मात्र पर्जन्यछायेत येतो. साचलेले पाणी अंजिराच्या मुळांना सोसत नाही. त्यामुळे पश्चिम आशियातील कोरड्या, मरुभूमीलगतच्या प्रदेशाचे हे झाड कान्ह्याऐवजी दिवे, सोनोरी, सासवड या परिसरात स्थिरावले. येथे प्रश्न आहे तो प्रसाराचा.

नव्या फळझाडांचे श्रेय सामान्यतः राज्यकर्ते, व्यापारी किंवा 1873 मध्ये स्थापन झालेल्या गणेशखिंड बागेसारख्या सरकारी बागांना देण्यात येते. अंजिराबाबत हे विवेचन अपुरे पडते. ‘पूना’ अंजिराचे फळ परागीकरणाविना धरते. त्यात बिया दिसतात, परंतु त्या पोकळ असल्याने रुजत नाहीत. म्हणजेच ही जात केवळ जिवंत फांदीच्या रूपाने एका हातातून दुसऱ्या हाती जाऊ शकते. पक्व फांदीचा वीतभर तुकडा, त्यावर चार ते सहा डोळे, तळाचा काप डोळ्याच्या लगत खाली आणि निम्म्याहून अधिक भाग मातीत, एवढीच ही क्रिया. (तुकडा उलटा लागला तर श्रम वाया जातात, जाणकार म्हणूनच वरचा काप तिरपा घेतात.) गुटी कलमाचीही पद्धत आहे, पण तत्त्व तेच.

या क्रियेची प्राचीनता वादग्रस्त आहे. जॉर्डन खोऱ्यातील गिलगाल येथे सापडलेली सुमारे 11,400 वर्षांपूर्वीची 9 जळकी अंजिरे बीजहीन असल्याने ती फांद्या लावून वाढविलेल्या झाडांचीच असावीत, असे किस्लेव्ह, हार्टमन व बार-योसेफ यांनी 2006 मध्ये प्रतिपादन केले. रानटी झाडांवरही अशी फळे येऊ शकतात, हा त्यावरील आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. लिखित साधनांच्या अभावी वनस्पतीचे अवशेषच पुरावा ठरतात, हे मात्र या वादातून दिसते.

पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनात प्रदेशाचे नाव येते. कोणत्या बागेतून कोणत्या गावात फांदी गेली, हे येत नाही. तो पुरावा जुन्या झाडांत आणि वृद्ध बागायतदारांच्या स्मरणात आहे. बाग मोडली की तो नष्ट होतो. त्यामुळे मातृवृक्षांची गावनिहाय नोंद इतिहास व वनस्पतिशास्त्र या दोन्ही विभागांनी एकत्रितपणे हाती घेणे आवश्यक आहे.