नियमातील सूट आणि बडोद्याचे घर

सन 1916 मध्ये न्यूयॉर्क शहराने वस्ती कोठे असावी, व्यापार कोठे चालावा, इमारत किती उंच असावी, याचे विभागवार नियम केले. पण नियमाच्या अक्षराने एखाद्या मालकाची नाहक कोंडी होत असेल, तर त्याच्या भूखंडापुरती सूट देणारे अपील मंडळही त्याबरोबरच ठेवले. योगायोग असा की, त्याच वर्षी पॅट्रिक गेडिस यांनी सयाजीराव महाराजांच्या बडोद्याच्या वाढीविषयी आपला अहवाल लिहिला. जुन्या वस्तीवर सरळ रेघा ओढून घरे पाडणे त्यांना मान्य नव्हते. जागा पाहून अवश्य तेवढेच काढावे, असे त्यांचे मत.

मांडवीच्या आसपास ज्यांना ‘पोळ’ म्हणतात त्या गल्ल्यांत घरे भिंतीला भिंत लावून उभी आहेत. तेथे चोहो बाजूंनी मोकळी जागा सोडा म्हटले, तर राहावयाचे कोठे? 1976 च्या गुजरात नगररचना कायद्याने आराखडा पक्का होण्यापूर्वी हरकत घेण्याचा हक्क दिला. पुष्कळांना तो मुदत टळल्यावर आठवतो! पुढे 2001, 2011 आणि 2022 साली शुल्क घेऊन अनधिकृत बांधकामे नियमित करण्याची सोय झाली. न्यूयॉर्कात शेजाऱ्याचे म्हणणे ऐकून सूट आधी मिळते. येथे भिंत आधी उठते, अर्ज मागाहून जातो. मला ही रीत, आधी विचारणाऱ्या मालकावर अन्याय करणारी वाटते. तलावाच्या वा सरकारी जागेवरील बांधकामास मात्र हे दारही बंदच आहे.