आत्या (बारशातील)

बारशात बाळाचे नाव ठेवण्याचा मान असलेली वडिलांची बहीण. ख्रिस्ती कुटुंबांतील धर्ममातेच्या भूमिकेला मराठवाड्यातील हिंदू घरांत सर्वांत जवळचे नाते हेच. धर्ममातेची मात्र निवड होते. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या विधिसंहितेनुसार ती साधारणतः सोळा वर्षे पूर्ण झालेली व श्रद्धेने जगणारी असावी, आणि बाळाची आई नसावी. आत्या जन्मानेच ठरते. सख्खी नसेल तर चुलत आत्या, तीही नसेल तर वडिलांची मानलेली बहीण पुढे होते.

हिंगोली जिल्ह्यात (१९९९ पूर्वी परभणीचा भाग) पहिले बाळंतपण बहुधा माहेरी, म्हणून बारसेही तिथेच. आत्या त्या घरी व्याह्यांकडची मानाची पाहुणी म्हणून अंगडे-टोपडे, कुंची, ऐपत असल्यास चांदीचे वाळे घेऊन येते. टोपडे घातलेला वरवंटा आधी पाळण्याच्या खालून-वरून फिरवतात, मग बाळाला पाळण्यात घालतात. आत्या बाळाच्या कानात नाव सांगून ‘कुर्रर्र’ करते, तोच बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. घुगऱ्या वाटतात, आत्याची ओटी भरतात, साडी-चोळी देतात.

हा मान किरकोळ समजू नये. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत लेकीला जन्मसिद्ध वाटा महाराष्ट्रात १९९४ च्या, देशभर २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. त्याआधी कित्येक पिढ्या, सासरी गेलेल्या बहिणीचा भावाच्या घरावरचा हक्क चारचौघांत दिसे तो अशाच प्रसंगी. भावाशी अबोला असला तरी बारशाचे बोलावणे तिला जावे लागते. ते चुकले तर राग वर्षानुवर्षे टिकतो.

लग्नाच्या बाबतीत दोन्ही परंपरा उलट दिशेने जातात. धर्ममाता किंवा धर्मपिता आणि धर्मापत्य यांच्या विवाहाला लॅटिन चर्चची मनाई होती. ती १९८३ मध्ये उठली. मराठवाड्यातील अनेक जातींत मात्र मामाची मुलगी करण्याची चाल आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही रूढी असेल तिथे अशा लग्नाला वाट ठेवली. त्यामुळे जिने पाळण्यात नाव ठेवले तीच पुढे सासू होऊ शकते. सासूला ‘आत्याबाई’ म्हणण्याची रीतही त्याच सोयरिकीची.

आता बाळाचे नाव आई-वडील आधीच ठरवतात आणि आत्या ते फक्त उच्चारते. जन्माची नोंद २१ दिवसांत नावाशिवायही करता येते. नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येते. दूरगावच्या आत्याला सवड मिळेपर्यंत बारसे लांबवणाऱ्या घरांना ही मुदत पुरते.