कत्तनारांच्या बायका

पाद्री म्हटला की तो ब्रह्मचारी, हे आम्हा गोमंतकीयांच्या इतके अंगवळणी पडले आहे, की हा नियम येशूपासूनच चालत आला असावा असे मला लहानपणी वाटे. पुढे कळले, की पहिला पोप मानला जाणारा पीटरच विवाहित होता. बायबलात त्याच्या सासूचा उल्लेख आहे. धर्मगुरूंचे विवाह रोमने अवैध ठरवले ते ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेत.

केरळातल्या सेंट थॉमस ख्रिश्चनांचे धर्मगुरू, म्हणजे कत्तनार, मात्र त्यानंतरही संसार करीत. १५९९ साली गोव्याचे आर्चबिशप मिनेझिस यांनी कोचीजवळ उदयंपेरूर येथे धर्मसभा भरवली आणि फर्मावले : बायकोपासून वेगळे व्हा, तोवर मिस्सा म्हणायची नाही. कालपर्यंत मानाने नांदणाऱ्या त्या बायकांनी एक तर घर सोडायचे, नाहीतर नवऱ्याची वेदी सुटलेली पाहायची!

मुळात हा धर्मसिद्धान्त नव्हे, शिस्तीचा नियम. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९० साली जारी केलेल्या पौर्वात्य चर्चच्या संहितेत तर विवाहित धर्मगुरूंचा मान राखला आहे. बदलता येण्याजोग्या नियमापायी संसार मोडायला सांगणारा तो हुकूम आपल्या गोव्याच्या आर्चबिशपांचा होता, हे आपण विसरू नये.