वारल्यांचें गाणें : एक अलिखित साधन

लेखी आधारावांचून कांहीं मांडूं नये, हा संशोधकांचा नियम योग्यच आहे. परंतु ज्याच्या घरीं दप्तर नाहीं, त्याची बाजू कोठें शोधावी? मनोरीस बसून साष्टीच्या इतिहासाचा विचार करतांना हा प्रश्न वारंवार आडवा येतो.

वारल्यांचेंच उदाहरण घ्यावें. त्यांच्याविषयींचे कागद सावकारांच्या वह्यांत व सरकारी दप्तरांत आहेत. ते लिहिणारे वारली नव्हेत. लग्नाच्या कर्जापायीं जमीनदाराकडे राबणाऱ्यास 'लग्नगडी' म्हणत. 23 मे 1945 रोजीं तत्कालीन ठाणें जिल्ह्यांतील उंबरगांव तालुक्यांत झरी येथें हजारों वारली जमले व वेठ न करण्याचा निश्चय त्यांनीं केला. शामराव व गोदावरी परुळेकर हे त्यांचे पुढारी होते. त्याच वर्षीं 10 ऑक्टोबरला तलवाडा येथें पोलिसांच्या गोळीबारांत पांच जण मारले गेले.

ह्या उठावाची आठवण मनोरीपासून फार दूर नाहीं. खाडी उतरून, मालाड ओलांडून पूर्वेस गेलें म्हणजे आरे लागतें. तेथें 1949 सालीं दुग्धवसाहत झाली. आपले पाडे त्याहून जुने आहेत, असें तेथील वारली सांगतात. ऑक्टोबर 2019 मध्यें मेट्रोच्या कारशेडसाठीं तेथील दोन हजारांहून अधिक झाडें तोडलीं गेलीं; 7 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानें तोड थांबविली. त्याच वर्षीं आरेंतील लोककलावंत प्रकाश भोईर व 'स्वदेशी' हा रॅप गाणाऱ्या तरुणांचा संच ह्यांनीं मिळून 'द वारली रिव्होल्ट' हें गीत प्रसिद्ध केलें. वारल्यांचें बंड, असा त्या नांवाचा अर्थ. 1945 चें स्मरण त्यांतच आहे.

गीतास प्रमाण मानावें काय? त्यावरून सनावळी ठरणार नाहीं, हें खरें. परंतु हा समाज स्वतःस कोण समजतो व कोणत्या भूमीस आपली म्हणतो, हें सावकाराच्या वहींतून कळावयाचें नाहीं. 2006 च्या वनहक्क कायद्याखालील 2008 च्या नियमांत वृद्धांचें लिहून घेतलेलें निवेदन पुरावा म्हणून ग्राह्य धरलें आहे. ज्या परंपरेनें वेद मुखपाठानें राखले, तिला ह्यांत नवल वाटूं नये.

म्हणून संग्राहकांस एवढीच विनंती. पोथीस लावतां तीच शिस्त गाण्यास लावावी : गाणाराचें नांव, पाडा, दिवस व प्रसंग नोंदवावा, पाठभेद राखावेत, शब्द शुद्ध करूं नयेत. पोथी वाळवीनें जाते. गाणें तें जाणणाऱ्या म्हाताऱ्याबरोबर एका रात्रींत जातें.