मायबोली, मिसळपाव ज्यावर उभ्या राहिल्या ते ड्रुपल सांभाळतं कोण?

१५ ऑक्टोबर २०१४, बुधवार. महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान त्याच दिवशी पार पडलं होतं. बोटावरची शाई अजून ओली, टीव्हीवर एक्झिट पोल, नागपूर असो की नाशिक, घराघरात एकच विषय. त्या रात्री भारतात साडेनऊ वाजले असताना ड्रुपल नावाच्या सॉफ्टवेअरच्या सुरक्षा टीमने एक सूचना जाहीर केली. अतिशय गंभीर त्रुटी सापडली आहे, दुरुस्ती सोबत दिली आहे, ताबडतोब अपडेट करा.

दोन आठवड्यांनी, २९ ऑक्टोबरला, त्याच टीमने दुसरी सूचना काढली आणि ती वाचून जगभरच्या साइटचालकांच्या पोटात गोळा आला. पहिल्या सूचनेनंतर सात तासांच्या आत अपडेट केलं नसेल, तर तुमची ड्रुपल ७ वरची साइट फोडली गेली आहे असंच धरून चाला, असं त्यात लिहिलं होतं.

हे सात तास भारतीय घड्याळात मांडले तर रात्री साडेनऊ ते पहाटे साडेचार. म्हणजे नागपुरातला साइटचालक जेवून झोपला आणि सकाळी चहा घेत मेल उघडला, तोपर्यंत मुदत संपलेली होती.

आता यात मराठी माणसाचा काय संबंध?

संबंध आहे. मनोगत, मिसळपाव, ऐसी अक्षरे, मायबोली यांपैकी कुठल्याही साइटवरचा लेख उघडा आणि वर पत्ता बघा. साइटच्या नावापुढे 'नोड' हा इंग्रजी शब्द आणि मग एक आकडा दिसेल. ही ड्रुपलची खूण आहे. ड्रुपलमध्ये लेख असो, कविता असो की पाककृती, प्रत्येक गोष्ट म्हणजे एक 'नोड'. मायबोली यातली सगळ्यात जुनी. १९९६ च्या गणेश चतुर्थीला अमेरिकेत अजय गल्लेवाले यांनी ती सुरू केली, तेव्हा ड्रुपल जन्मालाही आलं नव्हतं. ती नंतर ड्रुपलवर आली. मनोगत २००४ ची, मिसळपाव २००७ ची. फेसबुक मराठी घरात शिरण्याआधी देवनागरीत भांडायची, कौतुक करायची आणि रात्री दोनपर्यंत जागायची जागा म्हणजे या साइट्स.

आणि यातली कुठलीही साइट चालवणाऱ्याने ड्रुपलसाठी परवान्याचा एक रुपया भरलेला नाही. कारण ड्रुपल ओपन सोर्स आहे. त्याचा कोड कुणीही घ्यावा, बदलावा, पुढे द्यावा. फुकट म्हटलं की प्रश्न येतोच, बिघडलं तर फोन कुणाला करायचा?

वसतिगृहातला फळा

ड्रुपलची सुरुवातच गप्पांच्या फळ्यापासून झाली. २००० साली बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठात ड्रीस बायटार्ट हा विद्यार्थी शिकत होता. वसतिगृहातल्या पोरांनी एकच इंटरनेट कनेक्शन बिनतारी जोडणीने वाटून घेतलं होतं. नेट चालू आहे का, जेवायला कुठे भेटायचं, असले निरोप ठेवायला ड्रीसने एक छोटी साइट लिहिली. शिक्षण संपल्यावर गँगचा संपर्क तुटू नये म्हणून ती साइट इंटरनेटवर चढवायचं ठरलं. डच भाषेत 'डॉर्प' म्हणजे खेडं, ते नाव घ्यायचं होतं. टाइप करताना अक्षरं उलटसुलट झाली आणि 'ड्रॉप' नावाची साइट तयार झाली. थेंबाला डच शब्द 'ड्रुपल', त्यावरून जानेवारी २००१ मध्ये बाहेर आलेल्या सॉफ्टवेअरला ड्रुपल हे नाव पडलं. मराठी कट्टे पुढे ज्यावर उभे राहिले, त्याच्या नावात गाव राहता राहता राहून गेलं.

पुढे हे सॉफ्टवेअर जगभर पसरलं. सरकारी खाती, विद्यापीठं, वृत्तसंस्था यांच्या साइट्स त्यावर उभ्या राहिल्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये ड्रुपलवाल्यांचं आंतरराष्ट्रीय संमेलन मुंबईत, आयआयटीच्या आवारात भरलं होतं.

कोड सांभाळणाऱ्यांना मेंटेनर म्हणतात. काहींना त्यांची कंपनी पगार देते, बाकीचे नोकरी सांभाळून संध्याकाळी बसतात. त्यांचं काम म्हणजे दिवसभर कोड लिहिणं, असा समज आहे. खरं काम बरंचसं वाचण्याचं आणि उत्तरं देण्याचं असतं. ड्रुपलमध्ये कुणीही चूक नोंदवू शकतो, ती नोंद सगळ्यांना दिसते. कुणीतरी दुरुस्ती लिहितो, दुसरा तपासतो. ज्याने दुरुस्ती लिहिली त्याने स्वतःच 'झालं, पास' म्हणायचं नाही, असा संकेत आहे. कित्येक तक्रारी मात्र 'हे असंच चालणं अपेक्षित आहे' असा शेरा मारून बंद होतात, आणि तक्रारदार चिडतो.

तक्रार कशी लिहिली यावर पुष्कळ अवलंबून असतं. एक उदाहरण मराठी वाचकाला चटकन पटेल. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह साठवायला तीन बाइट लागतात, इमोजीला चार. ड्रुपल ७ ज्या पद्धतीने डेटाबेसमध्ये मजकूर ठेवत होतं, तिथे जागा तीनच बाइटची होती. म्हणजे पानभर मराठी लिहा, चालेल. शेवटी मोबाइलवरून एक हसरा चेहरा टाकला की प्रतिसाद सेव्हच होणार नाही. आता वापरणाऱ्याने 'तुमची साइट बिघडली आहे' एवढंच कळवलं, तर शोधणारा डोकं धरून बसेल. 'इमोजी टाकला की जात नाही, काढला की जातो' असं कळवलं, तर अर्धं काम झालं. जुलै २०१६ मध्ये ड्रुपल ७.५० आलं तेव्हा चार बाइटची सोय झाली. तीही आपोआप नाही. साइटचालकाने डेटाबेस बदलून घ्यायचा होता.

सात तास

सुरक्षेच्या चुकीला मात्र हा उघडा मार्ग चालत नाही. चूक जाहीर केली की चोरालाही कळते. म्हणून अशी चूक गुपचूप सुरक्षा टीमला कळवायची, दुरुस्ती तयार होईपर्यंत सगळ्यांनी तोंड बंद ठेवायचं, आणि मग चूक व दुरुस्ती एकाच क्षणी जाहीर करायची. तो क्षण आला की शर्यत सुरू होते. दुरुस्तीत नेमकी कुठली ओळ बदलली हे बघून चोर भोक शोधतो.

२०१४ ची चूक होती तरी काय? बँकेत पैसे काढायची स्लिप आठवा. नावाच्या रकान्यात एखाद्याने 'रमेश, आणि तिजोरीची किल्ली द्या' असं लिहिलं आणि कारकुनाने ते हुकूम समजून किल्ली दिली, तर? डेटाबेसच्या बाबतीत याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. ड्रुपल ७ मध्ये असलं काही होऊ नये म्हणून एक खास थर लिहिला होता. चूक नेमकी त्या थरातच निघाली. लॉगिन नसलेला कुणीही तिचा फायदा घेऊ शकत होता. जानेवारी २०११ मध्ये ड्रुपल ७ आलं तेव्हापासून ती तिथेच होती आणि दुरुस्ती जेमतेम एका ओळीची निघाली.

सेक्शनआइन्स या जर्मन कंपनीला ती कोड तपासताना सापडली. सप्टेंबरच्या मध्यात टीमला कळलं, तरी जाहीर केलं ऑक्टोबरच्या मध्यात. कारण? अ‍ॅमस्टरडॅमला ड्रुपलचं संमेलन होतं. साइट सांभाळणारी निम्मी माणसं प्रवासात असताना अशी सूचना काढली तर अपडेट करणार कोण, असा विचार झाला. यावर पुढे वादही झाले, पण टीमचं गणित चुकीचं म्हणता येत नाही. खरी चुटपुट लागते ती दुसऱ्याच गोष्टीची. २०१३ च्या अखेरीस उघड्या नोंदींमध्ये कुणीतरी हीच चूक लिहून ठेवली होती. ती सुरक्षेची बाब आहे, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. हजारो नोंदींच्या ढिगात ती पडून राहिली.

जाहीर झाल्यावर काही तासांतच स्वयंचलित हल्ले सुरू झाले. काही हल्लेखोर तर साइटमध्ये शिरून स्वतःच ती दुरुस्ती बसवत होते, दुसरा चोर आत येऊ नये म्हणून! त्यामुळे 'अरे, आपली साइट तर अपडेटेड दिसतेय' हीच धोक्याची खूण ठरली. नंतर अपडेट करूनही उपयोग नव्हता, कारण आत शिरलेला माणूस मागचं दार उघडं ठेवून गेला असेल. टीमचा सल्ला होता की १५ ऑक्टोबरच्या आधीचा बॅकअप काढा आणि साइट तिथून पुन्हा उभी करा.

नुसती माहिती देणारी साइट असेल तर दोन आठवडे मागे जाऊन फारसं बिघडत नाही. चर्चेच्या साइटवर मात्र दोन आठवडे म्हणजे लोकांचं लिखाण. त्यातही हे कुठले दोन आठवडे? १९ ऑक्टोबरला विधानसभेचे निकाल, २३ ला लक्ष्मीपूजन, आणि नागपूरचे देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री होणार हे ठरण्याचे दिवस. जुना बॅकअप बसवायचा म्हणजे हे सगळं पुसायचं. नाही बसवायचा तर सदस्यांचे ईमेल आणि पासवर्ड कुणाच्या हाती गेलेत याची धास्ती घेऊन जगायचं. ज्या साइटने वेळ गाठली नाही तिच्यापुढे हा पेच होता, मग ती कुठल्याही भाषेतली असो.

एक आठवडा आधी

धडा टीमनेही घेतला. मार्च २०१८ मध्ये पुन्हा तितकीच गंभीर चूक सापडली. या वेळी २१ मार्चला, म्हणजे आठवडाभर आधी, नुसती वर्दी दिली गेली. २८ मार्चला अमुक वेळेत दुरुस्ती येईल, त्या वेळी अपडेट करायला माणूस मोकळा ठेवा, कारण काही तासांत किंवा दिवसांत हल्ले सुरू होऊ शकतात. चूक कुठे आहे याबद्दल एक अक्षर नाही. भारतात ती वेळ रात्री साडेअकरा ते एकची होती. गैरसोयीची खरी, पण निदान गजर लावून उठता येत होतं. शिवाय ज्या जुन्या आवृत्त्यांची देखभाल थांबली होती, त्यातल्या काहींसाठीही दुरुस्ती दिली गेली. हल्ल्याचा कोड उघडपणे फिरायला लागला तो सुमारे दोन आठवड्यांनी, १२ एप्रिलला. सात तास कुठे आणि दोन आठवडे कुठे! सगळं श्रेय वर्दीला देता येणार नाही, पण या वेळी बरीच माणसं जागी होती.

दुरुस्ती तयार असणं आणि ती पोहोचणं यातलं अंतर किती महाग पडतं, हे पीएचपीबीबी या दुसऱ्या चर्चा-सॉफ्टवेअरने आधीच दाखवलं होतं. नोव्हेंबर २००४ मध्ये त्यांनी एक त्रुटी दुरुस्त करून नवी आवृत्ती काढली. महिनाभराने, ख्रिसमसच्या तोंडावर, सँटी नावाचा वर्म आला. तो गुगलवर शोधून पीएचपीबीबीच्या साइट्स हुडकायचा आणि त्यांची पानं पुसून आपला संदेश लिहायचा. औषध महिनाभर आधी बाजारात होतं. हजारो साइटचालकांनी ते घेतलं नव्हतं. शेवटी गुगलने ते शोध अडवले तेव्हा तो थांबला.

'शेवटची' तारीख

मेंटेनर आणि वापरणारे यांच्यातलं सगळ्यात लांबलेलं बोलणं ड्रुपल ७ च्या निवृत्तीचं. २०१५ मध्ये ड्रुपल ८ आलं ते जवळपास नव्याने लिहिलेलं. ७ वरून ८ वर जाणं म्हणजे घराला रंग देणं नव्हतं. शेजारच्या प्लॉटवर नवं घर बांधून सामान हलवायचं होतं. कंपन्यांनी पैसे टाकून हलवलं. हौसेने, पदरमोड करून साइट चालवणाऱ्यांनी काय करायचं? काहींनी नाराज होऊन बॅकड्रॉप नावाची वेगळी चूल मांडली. बाकीचे ७ वरच बसून राहिले.

ड्रुपल ७ ची देखभाल नोव्हेंबर २०२१ मध्ये थांबणार होती. कोविड आला म्हणून ती तारीख २०२२ वर गेली, मग २०२३ वर, आणि अखेर ५ जानेवारी २०२५ ला थांबली. मुदत वाढवणं माणुसकीचं होतं, पण त्याचा एक तोटाही झाला. दोनदा वाढलेली तारीख तिसऱ्यांदाही वाढेल असं धरून लोक निवांत राहतात, आणि तेवढा काळ जुना कोड सांभाळायला तीच मोजकी माणसं अडकून पडतात.

दरम्यान ऑगस्ट २०२४ मध्ये ड्रुपल ११ आलं. ड्रुपलच्या मूळ गठ्ठ्यात वर्षानुवर्षं असलेला चर्चामंचाचा भाग त्यातून काढून टाकला गेला. तो वापरणाऱ्या साइट्स कमी उरल्या होत्या आणि प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर तो तपासत बसायला हात पुरत नव्हते. हा भाग आता वेगळा प्रकल्प म्हणून मिळतो. ज्याला हवा त्याने उतरवून घ्यायचा, आणि त्याच्या सूचनांवर वेगळं लक्ष ठेवायचं. ड्रुपलच्या मुख्य कोडच्या सुरक्षा दुरुस्त्या अजूनही साधारण महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी येतात. भारतात तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजून गेलेले असतात.