शोधनिबंध नेमका कोणाचा? नाव, क्रमांक आणि सायटेशनची मोजणी

आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत आता पीएच.डी. करणारी मुले-मुली आहेत. नोकरीच्या किंवा बढतीच्या अर्जात त्यांना निबंध किती, सायटेशन किती, एच-इंडेक्स किती, हे भरावे लागते. सायटेशन म्हणजे आपल्या निबंधाचा दुसऱ्या अभ्यासकाने संदर्भसूचीत केलेला उल्लेख. एच-इंडेक्स २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी सुचवला. प्रत्येकी किमान सात उल्लेख मिळालेले सात निबंध असतील, पण आठांना आठ-आठ नसतील, तर तो सात.

मोजणी संगणक करतो, पण निबंध कोणाच्या खात्यावर टाकायचा हे तो नावावरून ठरवतो आणि आपली नावे तिथेच अडतात. गुजरात आणि महाराष्ट्रात गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असते. समजा, ‘चव्हाण अनिता रमेश’ हे नाव निबंधावर तसेच छापले, तर परदेशी डेटाबेस शेवटचा शब्द आडनाव धरतो आणि निबंध ‘रमेश, सी. ए.’ यांच्या नावे जमा होतो. चव्हाणचे रोमन स्पेलिंग तर घरागणिक वेगळे. लग्नानंतर नाव बदलले, तर आपल्याकडे आडनावाबरोबर मधले नावही बदलते. मग एकाच बाईंच्या कामाची दोन खाती होतात, एच-इंडेक्स दोन्हीकडे तोकडा दिसतो. नुकसान मुलींचेच जास्त. उलट, ‘एस. जोशी’ या एका नावाखाली अनेकांचे निबंध एकत्र होऊ शकतात.

आम्ही बँकेत असताना एकाच नावाचे दोन खातेदार आले की खाते क्रमांक पाहत असू. संशोधकांसाठी असा क्रमांक २०१२ पासून आहे: ऑर्किड. तो सोळा अंकी आणि विनामूल्य असून नाव, संस्था किंवा देश बदलला तरी तोच राहतो. शेवटचा अंक आधीच्या पंधरांवरून काढलेला तपासणी-अंक असतो. तिथे कधी ‘एक्स’ दिसला तर ती छपाईची चूक समजू नये. ऑर्किडच्या पानावर प्रत्येक नोंद कोणी भरली तेही दिसते. संशोधकाने स्वतः भरलेली नोंद आणि प्रकाशकाकडून आलेली नोंद यांचे वजन सारखे नाही, असे आमचे मत.

स्कोपस हा डेटाबेस लेखकाला आपणहून क्रमांक देतो. त्याचे दोन क्रमांक पडले असतील तर ते एकत्र करण्याची विनंती लेखकाला करता येते. गूगल स्कॉलरमध्ये नवे निबंध आपोआप जोडले जातात; ती सोय बंद करून प्रत्येक निबंध पाहूनच घ्यावा. तिथे प्रबंध आणि अप्रकाशित मसुदेही धरले जात असल्याने आकडा सहसा स्कोपसपेक्षा मोठा येतो. म्हणून अर्जात आकड्यापुढे डेटाबेसचे नाव आणि तारीख लिहावी. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ‘विद्वान’ ही भारतीय तज्ज्ञांची सूचीही आहे. तिथेही नाव ऑर्किडप्रमाणेच ठेवावे.

मराठीतून लिहिणाऱ्यांची अडचण मात्र यातून सुटत नाही. मराठी नियतकालिके या डेटाबेसांत फार थोडी, त्यामुळे चांगल्या लेखापुढेही शून्य दिसू शकते. अशा लेखकांनी लेखाची प्रत, अंकाचा महिना-वर्ष आणि कोणी कुठे उल्लेख केला याची वही स्वतः ठेवावी.