राणीचे नाणे आणि रयतेचे चलन

जबलपूरच्या दक्षिणेस असलेली बरगी आज ओळखली जाते ती नर्मदेवरील धरणामुळे. १९९० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाच्या जलाशयास १८५७ च्या उठावात लढलेल्या रामगडच्या राणी अवंतीबाईंचे नाव आहे. याच जिल्ह्यात, नर्रई नाल्याकाठी, २४ जून १५६४ रोजी गढा-मंडल्याच्या राणी दुर्गावतीने मोगलांशी लढता लढता देह ठेवला. जबलपूरच्या विद्यापीठाला तिचे नाव आहे. १९८८ मध्ये दोघींचीही टपाल तिकिटे निघाली, आणि जुलै २०२३ मध्ये दुर्गावतीच्या पंचशताब्दीनिमित्त चांदीचे नाणे काढण्याची घोषणा झाली. नाण्याने होणारा हा गौरव तिच्या काळातील नाण्यांच्या कसोटीवर तपासून पाहावयास हवा.

दुर्गावतीचा सासरा संग्रामशाह याने स्वतःच्या नावाची सुवर्णनाणी पाडली होती. राणीच्या राज्यात रयत आपला सारा सोन्याच्या मोहरांत आणि हत्तींच्या रूपाने भरीत असे, असे अबुल फजल सांगतो. ही साक्ष शत्रुपक्षाची असल्याने तिचे मोल अधिक. चौरागड पडल्यावर अश्रफींनी भरलेले शंभर हंडे आसफखानाच्या हाती लागले, हेही त्यानेच नोंदविले आहे. राणीचे ऐश्वर्य जामदारखान्यात साठले खरे, पण ते उगवले होते रयतेच्या शिवारात.

अहिल्याबाई होळकरांची गोष्ट याहून वेगळी. महेश्वरच्या टांकसाळीतील त्यांच्या काळच्या रुपयावर नाव होते दिल्लीपती शाह आलमचे आणि चिन्हे होती शिवलिंग व बिल्वपत्र. बाईंची मुद्रा त्यावर नव्हती. ती आली ३१ मे २०२५ रोजी, त्रिशताब्दीनिमित्त भोपाळ येथे प्रकाशित झालेल्या तीनशे रुपयांच्या नाण्यावर.

परंतु असे स्मारक-नाणे बाजारात फिरत नाही. ते संग्राहकाच्या पेटीत जाते. १९८५ मध्ये इंदिरा गांधींच्या स्मरणार्थ काढलेले पन्नास पैशांचे नाणे मात्र भाजीवालीच्या हातातूनही गेले. नोटांवर १९९६ पासून गांधीजींची मालिका आहे. त्यापूर्वी या देशाच्या रुपयावर दीर्घकाळ विराजमान झालेला स्त्रीचा चेहरा होता तो परक्या सम्राज्ञी व्हिक्टोरियाचा. कॅनडाने २०१८ मध्ये वर्णभेदाविरुद्ध उभ्या राहिलेल्या व्हायोला डेस्मंड यांना रोजच्या व्यवहारातील दहा डॉलरच्या नोटेवर आणले, हे येथे आठवते.

बरगीत हा प्रश्न अधिकच बोचरा होतो. जबलपूरचे राणीताल हे तळे दुर्गावतीने बांधविले, अशी परंपरा आहे. लोकांना पाणी देणारी राणी म्हणून ती स्मरणात राहिली. राणीचे नाव मिरविणाऱ्या बरगीच्या जलाशयाने मात्र १६२ गावांना झळ पोचविली, आणि विस्थापितांत मोठा भरणा होता तो गोंडांचा, म्हणजे दुर्गावतीच्याच प्रजेच्या वंशजांचा. नाव वाहणे सोपे असते. त्या नावामागचे ऋण फेडणे अवघड. राणीची मुद्रा नाण्यावर अवश्य यावी, पण ते नाणे बरगीच्या आठवडी बाजारात चालणारे असावे. ज्यांच्या मोहरांनी तिचे हंडे भरले, त्यांच्या वारसांच्या मुठीत ते पोचले, तरच ते तिचे नाणे ठरेल.